शैलजाताईच्या रक्ताची रेघ

शैलजाताईच्या रक्तात एकदा दुसरीच बाई निघाली होती.

आज ताईला जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय. तिच्या आईला विचारूनच लिहितेय.

नांदेडच्या आमच्या छोट्या ऑफिसात ती माझी सीनियर. मूळची लातूरजवळच्या मुरुडची. मी भोकरची, नुकतीच एम.फार्म. होऊन आलेली.
औषध घेतल्यावर ते रक्तात कसं चढतं, कसं उतरतं, याचे ग्राफ काढायचं आमचं काम.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला ओव्हरले शिकवला. म्हणजे सगळ्या माणसांच्या रेघा एकाच ग्राफवर, एकावर एक.
माझा पहिला ग्राफ बघून म्हणाली, "अर्चे, शेवया वाळू घालून राहिलीस का? घड्याळाची वेळ काढ. गोळी गिळली तिथं शून्य धर, सगळ्यांचं."
शून्य जुळवलं आणि गुंता सुटला. प्रत्येकाची रेघ वेगळी दिसायला लागली.

ताईला तिच्या आईची किडनी बसवली होती. शरीरानं ती नाकारू नये म्हणून रोजची गोळी.
ती रक्तात कमी पडली तर किडनी जाते. जास्त झाली तर तीच गोळी विष, हात थरथरायला लागतात.
त्यामुळं अधूनमधून दिवसभर लॅबमध्ये बसून थोड्या थोड्या वेळानं रक्त द्यायचं. आकडे आले की ताई तिची नवी रेघ जुन्या रेघांवर टाकायची.
सगळ्या सारख्या. झटकन वर, मग सावकाश खाली.
"चालीवरून माणूस लांबून ओळखू येतं ना," म्हणायची, "तसं."

एका दुपारी तिनं नवीन आकडे टाकले आणि मला जवळ बोलावलं.

मी खुर्ची सरकवून बघितलं. बाकीच्या रेघा खाली, आणि ही एकटीच त्यांच्यावर तरंगत होती. उशिरा चढलेली. उतरायचं नावच नाही.

"आकडा चुकला असंल," मी म्हटलं.
सगळे आकडे पुन्हा टाकले. रेघ तिथंच.
ताई स्क्रीनच्या अगदी जवळ गेली.
"अर्चे, ही मी न्हाई."



तिनं लॅबला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, नाव तर तुमचंच आहे."
"नाव माझंच हाय," ताई म्हणाली. "रक्त न्हाई."
त्यांनी फोन ठेवला.

मी म्हटलं, जाऊ दे, तुझी टेस्ट परत करू.
ती म्हणाली, "माझी करू गं. पण मग माझी रेघ कुणाच्या नावावर गेली? तिला सांगितलं असंल, सगळं ठीक हाय, गोळ्या तेवढ्याच घ्या."

मग तिला त्या दिवशीचा बाक आठवला. दिवसभर रक्त द्यायला बसलेल्या दोघीच होत्या. एक ताई, आणि एक बिलोलीच्या मावशी. त्यांनाही किडनी बसवलेली, गोळी तीच.
मावशींच्या हातातला चहा बशीत सांडत होता. सारखा.
"मला वाटलं, वयानं हात थरथरतोय," ताई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं बिलोलीला. स्टँडच्या मागं आमची पिठाची गिरणी आहे, एवढंच मावशी बोलता बोलता म्हणाल्या होत्या. तेवढ्यावर घर सापडलं.

मावशी खाटेवर होत्या. दोन्ही हात पदराखाली धरलेले, तरी पदर हलत होता.
सून दबक्या आवाजात म्हणाली, "रिपोर्ट चांगला आलाय हो. हे बाहेरचं हाय काहीतरी. उतारा टाकून झाला."
मावशींनी ताईकडं बघितलं. "माय, माझ्या अंगात दुसरंच कुणी तरी हाय. हात माझा ऐकंना."

ताई खाटेवर बसली. ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. मग तिचेही हात हलायला लागले.

"तुमच्या अंगात कुणी न्हाई मावशी. तुमच्या कागदावर मी हाय."

त्याच दिवशी जीप करून त्यांना नांदेडला आणलं. दोघींचं रक्त परत तपासलं. दोघींच्या नळ्यांवरच्या स्टिकरांची अदलाबदल झाली होती.
मावशींची गोळी डॉक्टरांनी लगेच कमी केली. हळूहळू हात थांबले.
ताईची गोळी त्या चुकीच्या कागदावरून कमी झाली असती, तर तिची किडनी गेली असती. ती हे कुणाला बोलली नाही. मीच सांगतेय.

मागच्या वर्षी ती आईकडं मुरुडला गेली होती, म्हणून रक्त लातूरला दिलं.
शेवटची नळी भरून झाल्यावर बाकावर टेकली, ती उठलीच नाही. हृदय थांबलं होतं. सिस्टरला वाटलं, डोळा लागलाय.

लिंगायतांच्या रीतीनं तिला मुरुडला बसवून समाधी दिली. कपाळाला विभूती. मी समोरच उभी होते, आणि सारखं वाटत होतं, आता मान वळवेल, "अर्चे, काय बघून राहिलीस?" म्हणेल.

नांदेडला परतले तर मेलवर तिचा रिपोर्ट आलेला. कॉपी नेहमी मलाच यायची.
बराच वेळ उघडला नाही. मग आकडे टाकले.

रेघ झटकन वर गेली आणि सावकाश खाली आली. जुन्या रेघांवर इतकी बरोबर बसली की दुरून एकच जाड रेघ दिसत होती.
कुठंच काही बिघडलेलं नव्हतं. शेवटच्या ठिपक्यापर्यंत ती धडधाकट बाई होती.
त्या ठिपक्यापुढचा पांढरा पडदा मला बघवेना. मी उठून बाहेर ऊन होतं तिथं जाऊन उभी राहिले.

परवा बिलोलीहून मावशींचा फोन आला होता. म्हणाल्या, "तुमी मुरुडला जाताल तवा मला घेऊन चला."
आज आम्ही दोघी निघालोय.

ताई, तुमच्या घरी नमस्कार करताना म्हणतात तसंच म्हणते.
शरणु शरणार्थ.