शिफ्टप्रमाणे आखलेला आठवडा

पेणच्या कॉलेजात मी रविवारी पत्रद्वारा बी.ए. करणाऱ्यांना शिकवायचो. रोह्याच्या कंपनीतल्या एका कामगाराची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे त्याचा अभ्यास मागे पडत होता. मी त्याच्याबरोबर बसून प्रत्येक शिफ्टसाठी वेगळा आठवडा आखला. कुठल्या वारी कुठला धडा, उत्तरं टपालात कधी टाकायची.

"आता जमंल, सर," तो म्हणाला आणि पावसाळाभर त्यानं ते जमवलं.

दिवाळीनंतर कंपनीत गॅस गळला, त्यात तो गेला. बारावी झालेली त्याची बायको मी त्याला दिलेली पुस्तकं परत करायला आली.

"राहू द्या, तुम्ही शिका. तुमचाही आठवडा आखून देतो," मी म्हणालो.

"मी मिठागरावर जाते आता, सर. घरी आल्यावर डोळं उघडं राहत नाय."

पुस्तकं टेबलावर ठेवून ती निघून गेली.