नर्सबाईंनी लिहिलेलं माहेर

"तारीख र्‍हाऊ द्या. त्या साली काय झालं ते सांगा."

पदराचं टोक कमरेला खोचून, समोरच्या म्हाताऱ्या माणसाकडे जरा वाकून नर्सबाई असं म्हणायच्या, आणि ज्याला स्वतःचं वय ठाऊक नाही असा माणूसही धडाधडा बोलायला लागायचा. प्लेगात गाव रानात राहायला गेलं तेव्हा मी रांगत होतो. कालव्याला पाणी आलं तेव्हा थोरलीचं लग्न ठरलं होतं. बाई मान हलवत वहीत लिहून घ्यायच्या. एकतीस वर्षं त्यांनी खेड्यापाड्यांत बाळंतपणं केली होती. बायकांना तारखा आठवत नाहीत, पण पेरणी, जत्रा आणि नणंदेचं लग्न बरोबर आठवतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मी त्यांचा शिक्षक. हसू नका. नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी वर्ग घ्यायचो. मोडी लिपी कशी वाचायची आणि आपल्या घराण्याचा इतिहास कसा शोधायचा, हा विषय. हायस्कुलात इतिहास शिकवून शिकवून माझा आवाज मोठा झाला होता आणि डोकं लवकर तापायचं. वर्गात निम्मे लोक एवढंच सिद्ध करायला यायचे की आपला पूर्वज कुठल्या तरी लढाईत घोड्यावर होता. पायी चालणारा पूर्वज कुणालाच नको असायचा.

त्यात पहिल्या बाकावर या बाई. नुकत्याच निवृत्त झालेल्या, पांढरी सुती साडी, हातात रजिस्टरसारखी लांब वही. माहेर इंदापूर तालुक्यातलं शेळगाव. पहिल्याच दिवशी मी प्रत्येकाला विचारलं, कोणत्या घराण्याचा शोध घेणार? बाई म्हणाल्या, "माहेरच्या."

मागून एक बागायतदार खिदळले. "अहो बाई, लेकीनं कधी माहेरची वंशावळ लिहिलीय व्हय?"

"सासरची लिवायला सासरचे हायेत की," बाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या माहेराला मीच हाय."

वर्ग सुटल्यावर त्या थांबल्या. आमच्या काटेवाडीच्या घरी हेळवी यायचा, हे मी शिकवताना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारा माणूस. ओसरीवर बसून तो पूर्वजांची नावं मोठ्यानं वाचायचा आणि धान्य, धोतर घेऊन पुढच्या गावाला जायचा.

"सर, आमचं घर छप्पन साली बौद्ध झालं. त्याच्या आदी आमी कुठं र्‍हायचो ते तुमाला ठावं हाय," बाई म्हणाल्या. "आमच्या दारात हेळवी कधी आलाच न्हाय. माझा बाप लहानपणी पाटलाच्या ओसरीपासून लांब उभा र्‍हाऊन दुसऱ्याची नावं ऐकायचा. घरी येऊन इचारायचा, आपली कधी वाचायची? त्याचा बाप म्हणायचा, आपली कुणी लिवलीच न्हाय. माझा बाप मरेपर्यंत हेच सांगत हुता. मला ती लिवायचीय सर. आन् चार माणसांत वाचायचीय."

त्या दिवशी मी घरी नीट जेवलो नाही. तो हेळवीचा तोरा मला चांगलाच झोंबला होता.

मोडी बाईंना अवघड गेली. खूपच अवघड गेली, खोटं कशाला सांगू? मी वैतागून खडू आपटायचो. "बाई, हे तुम्ही तीनदा चुकलात!" त्या म्हणायच्या, "चवथ्यांदा न्हाय चुकणार." आणि चौथ्यांदाही चुकायच्या. पण घरी रोज दोन पानं गिरवायच्या. तीन महिन्यांत माझ्या वर्गात त्यांच्याएवढं स्वच्छ वाचणारं कुणी उरलं नाही. ते खिदळणारे बागायतदार मुकाट्यानं आपली वही त्यांच्यापुढे सरकवायला लागले.

मग मी सगळ्यांना एसटीनं इंदापूरला नेलं. तिथल्या कचेरीत गावोगावची जुनी जन्म-मृत्यूची पुस्तकं होती, सगळी मोडीत. शेळगावच्या पुस्तकात बाईंच्या पणज्याचं, कोंडीबाचं नाव सापडलं, आणि एकदा नाही, पंधरा वेळा! प्रत्येक नोंदीत मुलगा की मुलगी एवढंच, आणि बापाचं नाव. आईचं नाव नाही, बापाच्या बापाचंही नाही. मला कोण आनंद झाला. मी पंधराही मुलं एका कोंडीबाखाली मांडली, कोंडीबाच्या वरच्या दोन पिढ्या दुसऱ्या एका कागदावरून जोडून दिल्या आणि खाली सही ठोकली. महिन्याभरानं इंदापुरातच वर्गाचा समारोप होता. तिथं प्रत्येकानं आपली वंशावळ वाचायची होती. बाईंची मी पेंटरकडून कापडावर रंगवूनही घेतली.

समारोपाला चार दिवस उरले आणि बाई माझ्या दारात.

"सर, ही बाई सदतीस वर्षं बाळंत हुतीया."

"कोण बाई?"

"कोंडीबाची बायकू. पयलं मूल ते शेवटचं, सदतीस वर्षं. आन् हितं बगा, एक आश्विनात झालंय, दुसरं वैशाखात. मधी सातच महिनं. मी एकतीस वर्षं बाळंतपणं केली सर. असं व्हत न्हाय."

"दोन बायका असतील," मी म्हणालो.

"मी आत्याकडं जाऊन आले."

ऐंशी वर्षांची ही आत्या म्हणजे बाईंच्या वडिलांची बहीण, शेळगावातच राहायची. तिनं एका वाक्यात निकाल लावला. कोंडीबा दोन होते, चुलत भाऊ. आजा वारला की नातवाला त्याचं नाव ठेवायचं, ही आपल्याकडची रीत. दोघांचे बाप सख्खे भाऊ, त्यांनी आपापल्या थोरल्या लेकाला एकाच आज्याचं नाव ठेवलं. गाव त्यांना थोरला कोंडीबा आणि धाकला कोंडीबा म्हणायचं, पुस्तक लिहिणारा नुसतं कोंडीबा लिहायचा. आणि मी, वीस वर्षं मोडी वाचणारा शहाणा, दोघांचा एक करून बसलो होतो.

"मग तुमचा कोणता?" मी विचारलं.

"धाकला, आत्याचा आजा. माझ्या आज्याचं नाव दगडू. वरची मुलं जगली न्हाईत की मगच आपल्यात दगडूधोंडू नाव ठिवत्यात. आत्याला इचारलं, दगडूच्या वर किती गेली? म्हणली, तीन. पुस्तकात तीन मयत सापडली. एकापाठोपाठ एक. त्यावरनं धाकल्याची पोरं येगळी काढली." बाईंनी वही मिटली. "सर, म्या लई बाळं हातावर गेलेली बघितली. ही तीन मात्र पुना पुना वाचली."

आता लाज वाटते, पण मी काय म्हणालो ते सांगतो. मी म्हणालो, "कापड रंगवून झालंय. आता कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की," बाई म्हणाल्या.

मी चिडलो, तांब्याभर पाणी प्यायलो, आणि मग त्यांच्यासमोर जमिनीवर बसून कार्डशीटवर रेघा ओढायला लागलो. चार दिवस त्यांनी नव्यानं सगळं लिहिलं. सात पिढ्या. सुना, लेकी, आणि ती तीन बाळंसुद्धा. आमच्या हेळव्याच्या वंशावळीत पोरी नव्हत्या, आणि न जगलेली लेकरं तर नव्हतीच. मला ते कधी खटकलंही नव्हतं.

नर्सबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. लोक मला विचारतात, तुमच्या हाताखालून किती जण शिकून गेले? आकडा मला माहीत नाही. मी सांगतो, शेळगावच्या एक नर्सबाई होत्या, त्यांनी माझी चूक पकडली होती. हे मी छाती फुगवून सांगतो.

त्या समारोपाला इंदापूरच्या शाळेचं सभागृह भरलं होतं. शेळगावहून आत्या आली होती, हिरवं इरकली लुगडं नेसून, पहिल्या रांगेत. मी आधी उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं की या बाईंच्या वंशावळीत मी घोळ घातला होता आणि तो त्यांनी निस्तरला. मग बाई उभ्या राहिल्या. एकेक पिढी खाली येत गेली. मग धाकला कोंडीबा आला.

"कोंडीबाची पयली लेक. नाव न्हाय. अकरा दिवसांची."

"थांब गं!" आत्या काठी टेकत उठली. "नाव हुतं तिचं."

बाईंनी कागद खाली केला.

"दुसऱ्या दिशी बारसं हुतं. नाव काढून ठिवलं हुतं. माझी आजी सांगायची. पारू."

"अगं आत्या, चार येळा आले तुझ्याकडं! मग सांगितलं का न्हाईस?"

"तू किती गेली ते इचारलंस. नाव कुठं इचारलंस?"

सभागृह हसलं. बाईही हसल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "चुकलं माझं." कागदाचा पुरावा नसेल तर नाव घालायचं नाही, असं मी वर्षभर बजावलं होतं. बाईंनी मला विचारलंसुद्धा नाही. माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, वाकून लिहिलं, आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"कोंडीबाची पयली लेक, पारू. अकरा दिवसांची."