दूधवालीने तपासलेला लेख

आज दूध उतू गेले आणि त्या करपट वासाने, बाळांनो, एका विज्ञान-ब्लॉगसाठी लिहिलेला माझा पहिला पाहुणा लेख आठवला. ब्लॉग माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा, वाचक सामान्य लोक आणि विषय कुंभकोणमच्या कॉफीचे दूध. दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर दुधात सोडावा, आकडा बरोबर आला की दूध निर्भेळ, असे मी ठामपणे लिहिले होते. पाठवण्याआधी जवळच्या साक्कोट्टै गावाहून येणाऱ्या दूधवालीला मी तो लेख तमिळमध्ये वाचून दाखवला. ती पदराने हात पुसत हसली. “अम्मा, शाळेत पोरींना हेच शिकवलेत? लबाड माणूस आधी साय काढतो, मग पाणी घालतो. तुमची काचेची कांडी फसते!” साय काढली की दूध जड, पाणी घातले की हलके, हे मीच फळ्यावर लिहीत असे, पण दोन्ही एकत्र केले की आकडा पुन्हा बरोबर येतो, हे कधी ताडून पाहिले नव्हते. माझी चूक जगभर जाता जाता थांबली. “आणि तू?” मी ओशाळून विचारले. “तुमच्या दुधावर साय येते ना? मग!” लेख मी तिच्या बोलण्यासकट नव्याने लिहिला. आत्ता पातेल्यात उरलेल्या दुधावर जाड साय धरली आहे, आणि प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवणाऱ्या मला लॅक्टोमीटर कुठे आहे ते आठवत नाही.