पडद्याची मागची बाजू

गावच्या मैदानात माझाच सिनेमा चालू होता, बायकांच्या हक्कांवरचा. स्वतःच्याच सिनेमाला रडायची मला जुनी खोड आहे. डोळे पुसायला आडोसा हवा म्हणून पडद्यामागे गेलो, तर गावातल्या झाडून साऱ्या बायका तिथे बसलेल्या! चित्र उलटं, अक्षरं उलटी, तरी टक लावून बघत होत्या. पुढची जागा पुरुषांची.

समाजाला आरसा दाखवणारा दिग्दर्शक म्हणून मी गळ्यात इतके हार घालून घेतले. आरसा कुणाकडे तोंड करून ठेवलाय, हे बघायचं मात्र राहूनच गेलं.

सरपंचांना विचारलं, तर म्हणाले, "रीतच हाय, सायेब. सिनेमात काय बी दाखवा, गावात नगं."

"मग आज तुम्ही बघा मागनं," म्हणालो आणि ऑपरेटरला हाताशी घेऊन मशीन उचलून बायकांच्या बाजूला नेलं. पुरुषांनी एकच गलका केला. सरपंच गरजले, "परत या गावात पाऊल ठेवू देणार न्हाई!"

तेवढ्यात एक म्हातारी माझ्यावरच खेकसली, "बघत काय ऱ्हायलास? पयल्यापासनं लाव की, बाबा!"

मी पहिलं रीळ पुन्हा चढवलं.