मालनने घर सोडलं नाही

बावन्न साली गिरण्यांत माल पडून राहू लागला, पाळ्या बंद झाल्या आणि जयवंत मेस्त्री घरी बसला. घाटकोपरच्या टेकडीखाली, कौलारू बैठ्या चाळीत त्याची एक खोली होती. बायको मालन, दोन मुली. भाडं थकलं तसा त्याने धसकाच घेतला. कडी वाजली तरी दचकायचा.

"मुलींना घेऊन गावी जा," तो मालनला म्हणायचा. "हाकललं तर अब्रू जाईल."

"भाडं थकलंय, अब्रू नाही," मालन म्हणायची.

मालकाला चाळ पाडून इमारत बांधायची होती. कोर्टात वेळ गेला असता. म्हणून एका सकाळी त्याची माणसं आली आणि मालनच्या खोलीवरची कौलं उतरवून अंगणात रचून गेली. "दुरुस्ती आहे," मालकाचा मुनीम म्हणाला. ऊन थेट चुलीवर पडलं.

जयवंत वळकटी बांधू लागला. "आता राहिलं काय इथं?"

"भिंती आहेत ना!"

तिने त्या उन्हातच पेज शिजवली, मुलींना जेवू घातलं. मग पदर खोचून शेजारची शिडी लावली आणि वर चढली. माहेरी दर उन्हाळ्यात बापाबरोबर ती घर शाकारायची, त्यामुळे वाशावर पाय डगमगला नाही. शेजारची वनमाला खालून कौलं देऊ लागली. "आज तुझं, उद्या माझं गं," म्हणाली. बघता बघता आणखी बायका आल्या.

मुनीम धावत आला. "खाली उतर! पोलिसांना बोलावतो!"

"बोलवा! त्यांनाही कौलं द्यायला लावते!" आणि मग संतापाच्या भरात तिच्या तोंडून मालवणीच निघालं, "मी हयसून जावचंय नाय!"

जयवंत दारात उभा होता. सगळी चाळ बघत होती. त्याने वळकटी खाली टाकली, तो शिडी चढला आणि तिच्या हातातलं कौल घेतलं. दिवेलागणीच्या आत छप्पर झालं. फुटलेल्या कौलांच्या जागी पत्र्याचे तुकडे बसवले.

मालक शेवटी कोर्टात गेलाच. तोवर जयवंतला भांडुपच्या एका कारखान्यात काम लागलं होतं. थकलेलं भाडं त्यांनी कोर्टात भरलं आणि मालकाचा दावा फेटाळला गेला.

पुढे चाळीत कुणाच्याही दारात मालकाची माणसं आली, की पहिली हाक मालनला जायची. हातातलं काम टाकून ती निघायची. आता जयवंतही मागोमाग जायचा.