काकाने मेन बंद केला तेव्हा

पीएचडीच्या ज्या जागांना मी अर्ज करायचे, त्यांच्या जाहिराती मला तोंडपाठ झाल्या होत्या. वर 'मज्जासंस्थेतील पेशीप्रकारांचे नकाशे' असं भारदस्त शीर्षक, खाली सूक्ष्मदर्शकावर हात बसलेला हवा, प्रोग्रॅमिंग यायला हवं, आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात: जागा एक. जगभरातून अर्ज मागवायचे आणि जागा एक! दोनदा नकार खाऊन झाल्यावर मी जुईनगरच्या घरात जाहीर केलं, की आता हा शेवटचा. नाही झालं तर वाशीच्या एखाद्या क्लासमध्ये बारावीला बायॉलॉजी शिकवेन आणि पुन्हा ह्या विषयाचं नाव काढणार नाही. आई "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

घरात ह्या विषयात खरा रस फक्त जासई गावात राहणाऱ्या माझ्या काकाला होता. आमच्यात काकाला अहो-जाहो करत नाहीत, त्यामुळे वादही अरे-तुरेतच व्हायचे. मी त्याला सांगितलं होतं, की मेंदूत आणि त्याच्याखाली कण्यातून उतरणाऱ्या मज्जारज्जूत नाना प्रकारच्या पेशी असतात. दिसायला पुष्कळशा सारख्या, पण कामं वेगळी. कोणती पेशी कोणती जनुकं वापरते ते बघायचं, सारख्या निघतील त्यांचे गट करायचे आणि कोणता गट कुठे राहतो ते नकाशावर मांडायचं.

"म्हंजी सेक्टर पाडायचे," काका म्हणाला.

"तसंच."

"तिथं राहनाऱ्यांना विचारलास का?"

नवं शहर आणि बंदर उभारायला सरकारने जमिनी घेतल्या, तेव्हा आमच्या घराण्याच्या काही शेतांचे सेक्टर झाले, उरलेल्यांवर कंटेनर उभे राहिले. त्यामुळे नकाशा म्हटलं, की काकाच्या कपाळाला आठी पडायची. पण माझ्या नकाशाला त्याने आठी माफ केली होती. नाक्यावर भेटेल त्याला "आमची पोरगी मेंदूचे सेक्टर पाडते" असं सांगत तो हिंडायचा.

आणि अखेर मुलाखत ठरली. ऑनलाइन, परदेशातल्या प्राध्यापकबाईंच्या सकाळी, म्हणजे आपल्या भर दुपारी. तारीख कोणती, तर काकाच्या मुलीच्या, माझ्या चुलत बहिणीच्या हळदीची.

मला जुईनगरला फ्लॅटमध्ये शांत बसता आलं असतं. पण आमच्याकडची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. घरची मुलगी हळदीला नाही म्हटल्यावर लोकांनी नवरीला सोडून माझीच चौकशी केली असती. शिवाय खरं सांगायचं तर मलाही ती चुकवायची नव्हती. तिच्यासोबत मी लहानाची मोठी झाले आहे. काकाने छातीवर हात ठेवून शब्द दिला: "माझ्या घरात बस. वायफाय नवा हाय. तू बोलत असशील तवर मांडवात चिमनी चिवचिवनार नाय."

आणि त्याने खरंच तसं केलं. दुपारी मला आतल्या खोलीत बसवलं. दारात काकीला खुर्ची टाकून दिली. मांडवात पंगतीची भांडीसुद्धा हलक्या हाताने ठेवायची, असा हुकूम सुटला. आमच्या लोकांना हळू बोलायची सवय नाही. खाडीच्या वाऱ्यात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाका मारणाऱ्यांची आम्ही पोरं. तरीही त्या दुपारी सगळा गोतावळा माझ्यासाठी कुजबुजत होता. गाल हळदीने पिवळे आणि अंगात मुलाखतीचा शर्ट, अशा अवतारात मी ते ऐकत होते आणि मला भरून येत होतं.

मुलाखत छान सुरू झाली. बाई प्रेमळ होत्या, पण प्रश्न टोकदार. त्यांनी विचारलं, "पेशींचे गट केल्यावर एक छोटा गट असा उरला, की जो आपल्याला माहीत असलेल्या कुठल्याच प्रकारात बसत नाही, तर तू काय करशील?" हाच प्रश्न निर्णायक आहे, हे मला त्यांच्या पुढे झुकण्यावरून कळलं. मी तोंड उघडलं आणि बाहेर डीजे धडाडला.

डीजेवाल्याला संध्याकाळपर्यंत हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं. त्याने 'फक्त चेक' करायला म्हणून बटण दाबलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. लगेच काकाच्या धावण्याचा आवाज आला, मग खट्कन काहीतरी वाजलं, पंखा थांबला आणि बाईंचा चेहरा पडद्यावर अर्ध्या हसूत गोठला.

काकाने डीजे गप्प करायला घराचा मेन बंद केला होता. डीजे जनरेटरवर होता. त्यामुळे गाणं जोरात चालू राहिलं आणि बंद पडला तो वायफाय.

मी खोलीबाहेर आले, तर काका मीटरच्या पेटीसमोर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हाताखालच्या स्विचकडे. एवढा उंचापुरा माणूस, पण त्याचा चेहरा बघवेना. त्याने मेन वर केला, पण राउटरचे दिवे काही लागेनात. तोवर काकी डीजेच्या टेबलापाशी पोचली होती. तिने काय केलं ते मी पाहिलं नाही, पण गाणं मधेच तुटलं.

मी मोबाइलच्या नेटवर पुन्हा जोडून घेतलं. बाई थांबल्या होत्या. काय झालं, त्यांनी विचारलं. थाप मारायला सुचलं नाही, म्हणून जसंच्या तसं सांगितलं: बाहेर बहिणीची हळद आहे आणि मला शांतता मिळावी म्हणून काकाने वीज घालवली. त्या मोठ्याने हसल्या. मग म्हणाल्या, "तो प्रश्न राहिला."

मला जे डोळ्यांपुढे दिसत होतं तेच मी बोलले. आमच्या मांडवात कोणी अनोळखी पाहुणा आला, तर त्याला तू कोणाकडचा म्हणून परत पाठवत नाहीत. बसवतात, जेवू घालतात. संध्याकाळपर्यंत त्याला ओळखणारं कोणीतरी येतंच. मी त्या गटाला टाकून देणार नाही, ओढून-ताणून दुसऱ्या गटातही ढकलणार नाही. त्याची जागा राखून ठेवेन आणि त्याला ओळखू शकेल असा पुरावा शोधत राहीन. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. चांगलं लिहिलं की वाईट, ते मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर कळेना.

त्या संध्याकाळी पोटच्या पोरीच्या हळदीत काका नाचला नाही. जनरेटरपाशी उभा राहिला. मी ओढायला गेले, तर "पाय दुखतान" म्हणाला. पुढे निकाल येईपर्यंत दर रविवारी तो जुईनगरला यायचा, पिशवीत जिताडा घेऊन. जिताडा आमच्याकडे जावयाच्या पानात पडतो, पुतणीच्या नाही. आईच्या हातात मासा द्यायचा, चहा प्यायचा आणि माझ्याकडे न बघता निघायचा. मुलाखतीबद्दल एक अक्षर नाही. मी "काका, तुझ्यामुळे काही बिघडलं नाही" म्हणायला गेले की चपला घालायला लागायचा. काकीने फोनवर सांगितलं, की त्याने घरी इन्व्हर्टर बसवून घेतलाय, फक्त वायफायसाठी. मला हसू आलं आणि रडूही. तोवर निवड ही माझी एकटीची गोष्ट राहिली नव्हती. नकार आला असता, तर मी क्लासमध्ये शिकवून जगले असते. पण त्या माणसाने स्वतःला कधीच माफ केलं नसतं.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा मी पहिला फोन त्याला केला. नुसतं "बरा झाला" म्हणून त्याने फोन ठेवला. नंतर काकी म्हणाली, गोठ्यामागं जाऊन बसला होता, कोणाला येऊ देत नव्हता. विमानतळावर त्याने माझ्या बॅगेला तीनतीनदा दोरी बांधली, पण त्या दिवसाचा विषय काही काढला नाही.

इथे येऊन काही महिने झाल्यावर एकदा मी प्रयोगशाळेतून व्हिडिओ कॉल केला. "तुझे सेक्टर दाखव," काका म्हणाला. सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या मज्जारज्जूचा पातळ काप होता, पेशींच्या प्रत्येक प्रकाराला वेगळा चमकता रंग दिलेला. पण पडद्यावर त्याला काही दिसेना, खोलीत फार उजेड होता.

"थांब, दिवे घालवते," मी म्हटलं. "ह्या पेशी अंधारातच दिसतात."

मी खोलीतले सगळे दिवे बंद केले. काळ्यावर हिरवे, गुलाबी, निळे ठिपके उजळले, प्रत्येक प्रकार आपापल्या जागी. मी फोन त्यांच्यासमोर धरला. काकाने फोन नाकाशी नेऊन एकेक ठिपका पाहिला.

मग म्हणाला, "मंग त्या दिवशी मी काय वेगला केला गो?"

मागे काकी खो-खो हसली आणि तिच्यामागून तोही, पूर्वीसारखा, बांधापलीकडे ऐकू जाईल असा. मी दिवे लावले नाहीत. लावले असते, तर मी रडतेय हे त्याला दिसलं असतं.