दारातली उमेदवार

बी.ए. होऊन मी मुरुडला परत आले, तेव्हा माझ्याजवळ उत्तम इंग्रजी होतं आणि ते बोलून दाखवायची अजिबात इच्छा नव्हती. वडिलांच्या नोकरीमुळे माझी शाळा मुंबईत, इंग्रजी माध्यमात झाली होती. तिथे गप्प बसणाऱ्या मुलीला शिस्तीची म्हणत. मुरुडात तिला आखडू म्हणतात, हे मला आल्या आल्या कळलं.

आईने मुदत घालून दिली होती. दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर पनवेलचं स्थळ बघायला येणार. स्थळ वाईट नव्हतं. मुलाचा फोटो मी तिरक्या नजरेने पाहिलाही होता. पण मला आधी एकदा कुठल्यातरी कचेरीच्या मस्टरवर स्वतःची सही करायची होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी तशी कोणाला काहीच सांगत नसे.

आमच्या आळीत एक काका राहत. मुंबईच्या एका जहाज कंपनीत हेडक्लार्क म्हणून जन्म काढून निवृत्त झालेले. गावातल्या कॉलेजच्या मुलांना ते रविवारी आपल्या ओटीवर जमवत आणि मुलाखतीची तालीम घेत. साहेब अर्थातच ते स्वतः. अंगात गंजिफ्रॉक, हातात विणलेला पंखा आणि चेहऱ्यावर फोर्टातला सगळा तुसडेपणा. प्रश्न विचारून झाले की प्रत्येकाला हमखास नकार देत. एकदा एक मुलगा खरंच रडवेला झाला.

"रड, रड," काका म्हणाले. "इथे रडून घेतलंस तर तिथे रडणार नाहीस. इथे निदान तुझी काकू चहा तरी देते."

माझ्यावर त्यांची खास मेहनत चाले. "तुझं बाकी सगळं फर्स्ट क्लास आहे गं. फक्त तू बोलतेस तेव्हा ऐकू येत नाही." मला त्यांचा एकच धडा पक्का जमला, कारण त्यात बोलायचं कमी होतं. दारात थांबायचं, साहेबाने बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही.

गणपतीत काका बातमी घेऊन आले. एका मोठ्या कंपनीचे मॅनेजर दीड दिवसाच्या गणपतीला गावी आले होते. "ऑफिसात त्यांना भेटायचं तर आधी शिपायाच्या विनवण्या करा. आज नुसत्या चपला काढायच्या. जा दर्शनाला!"

गणपतीत आमच्याकडे कोणी कोणाला 'या' म्हणायची वाट बघत नाही. माणसं सरळ घरात शिरतात, देवाला नमस्कार करतात, मग यजमानांकडे वळतात. माझी आई मॅनेजरसाहेबांच्या घरात तशीच शिरली. मला मात्र समोर खुर्चीत पेपर वाचणारे साहेब दिसले आणि काकांचा धडा आठवला. हातात फुलांची परडी घेऊन मी उंबऱ्याबाहेर ताठ उभी राहिले. लोक मला वळसा घालून आत जात होते. साहेब पान उलटत होते. मी बोलावण्याची वाट बघत होते.

शेवटी साहेबांच्या आईचं लक्ष गेलं. सणाच्या दिवशी धडधाकट मुलगी घरात न शिरता बाहेर उभी, याचा आमच्या गावात एकच अर्थ होतो.

"अगो, कावळा शिवलाय का तुला?" त्या आतून ओरडल्या. "मग घरी बसायचं! देवाच्या दारात कशाला आलीस? आणि पोरांनो, लांब व्हा तिच्यापासून!"

आत टाळ वाजत होते, ते थांबले. सगळी डोकी माझ्याकडे वळली, त्यात आईचंही. काकांच्या इतक्या रविवारांत जे साधलं नव्हतं, ते त्या क्षणी साधलं. मी मोठ्याने, स्पष्ट, परसापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "मला काही झालेलं नाही! साहेबांनी आत ये म्हटलं नाही म्हणून थांबलेय!"

साहेबांनी पेपर खाली केला. "इथे मलाच कोणी ये म्हणत नाही," ते म्हणाले. "ये, ये."

"बसू?"

"बस बाई!"

घर हसत सुटलं. हसणं ओसरल्यावर साहेबांनी विचारलं, "नोकरी हवी असेल, नाही? सकाळपासून देवापेक्षा मलाच जास्त नमस्कार झालेत. पण आमच्या ऑफिसात मुली घेत नाहीत."

नकारानंतर काय बोलायचं ते काकांनी पाठ करून घेतलं होतं. त्यातलं अक्षर आठवेना. मी उठू लागले, तर साहेबांच्या आईने खांद्यावर हात दाबून मला खाली बसवलं.

"मी पोरीला चारचौघांत दाराबाहेर ठेवलं, आता तूही ठेव," त्या मुलाला म्हणाल्या. "माझ्या घरून सणाचं कोणी तोंड पाडून गेलं नाही आजवर. बघ काहीतरी."

साहेबांनी चष्मा काढला. ऑफिसात कदाचित त्यांना असं कोणी बोलत नसावं.

"टायपिंग येतं?"

"नाही."

"शीक. माझ्या एका मित्राच्या कचेरीत मुली आहेत, त्याला सांगून ठेवतो. पुढचं तुझं तू बघायचं. तो पहिल्यांदा सगळ्यांना नाहीच म्हणतो."

"त्याची मला सवय आहे."

"अस्सं? किती दिवसांत शिकशील?"

"दिवाळीपर्यंत."

"एवढी घाई?"

तोंड एकदा सुटलं होतं, ते आवरेना. "दिवाळीनंतर मला बघायला येणार आहेत. त्याच्या आत व्हायला हवं."

पुन्हा हशा पिकला. माझ्या आईच्या हातातला मोदक मात्र हातातच राहिला. मी चोरून तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

घरी जाताना ती झपाझप चालत होती. किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांपाशी पोचल्यावर, समुद्राकडे बघत म्हणाली, "अलिबागला टायपिंगचा क्लास आहे. मावशीकडे राहा. रोज खाडी ओलांडून कोण जाणार?"

"आणि पनवेलचे?"

"त्यांना सध्या थांबा म्हणून कळवायचं. पत्र तूच लिही." ती पुढे निघाली, आणि चालता चालता वळून म्हणाली, "मराठीत लिही हो. तुझं इंग्रजी पाहिलं तर ते उद्याच येऊन उभे राहतील."